कोरा कॅमेरा

“हालू नगंस म्हणलं न्हवं?”

आवाज काळ्या कापडाखालून आला. कापडाखाली नाथाजी सुतार होते, कापडापुढे तीन पायांच्या तिकाटण्यावर उभा केलेला मोठा सागवानी कॅमेरा होता, आणि कॅमेऱ्यापुढे, दाराच्या उजेडात, खुर्चीवर त्यांच्या बायको शालूबाई बसल्या होत्या. मांडीवर ताट होतं आणि ताटात तुरीची डाळ. रिकाम्या हातांनी खुर्चीवर बसणं शालूबाईंना आयुष्यात जमलं नाही.

“मी कुटं हालतीया? डाळ हालतीया.”

“हसू बी नगंस.”

“आवं, हसू काय मी बोलवून आणतीया व्हय?”

सांगलीच्या खणभागातल्या लोकांना हा तमाशा पाठ होता. नाथाजींचा नवा कॅमेरा पुरा झाला की शालूबाई त्याच्यापुढे बसायच्या, हा लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासूनचा रिवाज. अशा कॅमेऱ्याच्या पाठीला एक घासलेली, दुधट काच असते. पुढच्या भिंगातून समोरचं सगळं त्या काचेवर येऊन पडतं, रंगासकट, पण उलटं. डोकं खाली, पाय वर. मग मधला कातडी भाता पुढेमागे सरकवत ते चित्र स्वच्छ करून घ्यायचं. नाथाजींची खूण ठरलेली होती, शालूबाईंचं कुंकू. कुंकवाची कड न थरथरता गोल उभी राहिली की कॅमेरा जमला. मग नाथाजी कापडाबाहेर येऊन “बसलं” म्हणायचे, शालूबाई पदर झटकून उठायच्या, आणि काचेवरचं चित्र जिथून आलं तिथे निघून जायचं.

फोटो मात्र निघायचा नाही. ही नाथाजींची दुसरी रीत, आणि तिच्याबाबत ते भलते हट्टी होते. फोटो उतरतो तो औषध लावलेल्या काचेवर, आणि त्या कॅमेऱ्यातली पहिली काच कॅमेरा नेणाऱ्याची. कुणी तिच्यावर कुलदैवत उतरवतो, कुणी आपली आई. कॅमेरा घडवणाऱ्याने तो कोराच द्यायचा. “नवरीचं लुगडं शिंप्यानं नेसून बगायचं असतंय का?” असं ते विचारायचे. अशा रीतीने शालूबाई आजवरच्या प्रत्येक कॅमेऱ्यापुढे बसल्या आणि एकातही राहिल्या नाहीत.

आजचा कॅमेरा साताऱ्याच्या गंगाधरपंतांचा होता. दुसरी मोठी लढाई संपून वर्ष झालं होतं. लढाईत भिंगं येत नव्हती, पितळ मिळत नव्हतं, आणि नाथाजींनी ती वर्षं दारं-खिडक्या करून ढकलली होती. आता पंतांनी नवा कॅमेरा सांगितला, म्हणून त्यांनी अख्खा पावसाळा घालवून, रंधा फिरवताना श्वास धरून, हा घडवला. पंतांनी नेला की त्यांचं बघून वाई, कऱ्हाडचे फोटोवाले येतील आणि कारखाना पुन्हा चालेल. नाही नेला, तर पुन्हा दारं-खिडक्या. हे नवराबायको दोघांनाही माहीत होतं, म्हणून दोघंही ते बोलत नव्हते.

आणि एवढ्यात शालूबाई खळखळून हसल्या.

“आता काय झालं?” कापड ओरडलं.

“आवं, भाईर या. पाव्हनं आल्यात. त्येंचा येक डोळा आलाय काय बगा.”

दारात खाकी अर्ध्या विजारीतला एक गडी उभा होता. एक डोळा मिटून त्याने दुसऱ्या डोळ्याला काहीतरी लावलं होतं. ‘टिक’ असा आवाज झाला. मग त्याने ते डोळ्यावरून काढलं आणि म्हणाला, “झालं. निगाला तुमचा फोटू.”

नाथाजी कापडाबाहेर आले. “कसला फोटू? कुनाचा?”

“तुमचा दोगांचा. तुमी कापडात हुता म्हना. राम राम, तात्या. मी हंबीरराव, कडेगावचा. कॅमेऱ्याला कातड्याचं घर शिवून पायजे.”

हंबीरराव इटलीच्या लढाईवरून परत आला होता. येताना त्याने तिथे कुणाकडून तरी घेतलेला हा जर्मन कॅमेरा आणला होता, त्याच्या तळव्यात मावेल एवढा. घरी उसाचा मळा होता, चुलते तो बघत होते, आणि हा गावोगाव हिंडून फोटो काढत होता. कडेगावात त्याला सगळे बिघडला म्हणायचे. नाथाजींनी ती वस्तू हातात घेतली, उलटीपालटी केली, कानाशी नेऊन कळ दाबली.

“घड्याळ हाय ह्ये,” ते म्हणाले.

“कॅमेराच हाय, तात्या. आन् म्होरं असलंच येनार. पलटनीत आमच्या येक सायेब हुता. चिकलात, पावसात, चालता चालता फोटू काडायचा. आता हितं बी तसंच. शेतावर, जत्रंत, पोरगं पळतंय तवर. स्टुडिओत जाऊन बसतंय कोन?”

नाथाजींना राग आला, पण हात मात्र त्या वस्तूवरून फिरतच राहिला. हाताला तिचा सांधा सापडत नव्हता.

“मानूस फोटू काडाय जातंय तवा काय करतंय, ठावं हाय?” ते म्हणाले. “आंगूळ करतंय. धुतल्यालं घालतंय. मोठा कॅमेरा म्होरं बगितला की जरासं भितंय. भ्यालं की थांबतंय. जल्मात कुटं थांबत न्हाई ते मानूस तितं घटकाभर थांबतंय, आन् तेवडंच फोटूत उतरतंय. तुमच्या ह्या घड्याळाम्होरं कोन थांबनार?”

“थांबायचं कशाला? हसू जायच्या आत घ्यायचं की.”

शालूबाईंनी डाळीतला खडा दाराबाहेर फेकला.

“तुमीच करा की असला,” हंबीरराव खाली बसत म्हणाला. “धंदेवाल्यास्नी इलायतेचं मिळतंय, त्ये तुमचं किती दिस घेनार? पर शौकीन लय झाल्यात आता. डाक्टर, वकील, फौजंतनं आल्याली पोरं. त्येंच्या खिशाकडं बगून करा. लाकडाचा, हलका, हातात मावंल असा.”

“लाकूड येवडं बारीक ऐकत न्हाई, गड्या.”

“तुमचं ऐकंल.”

चार दिवसांनी हंबीरराव कॅमेऱ्याचं शिवलेलं घर घेऊन गेला. रीळ संपल्याशिवाय धुता येत नाही, फिल्मही मिळत नाही, तेव्हा फोटो सवडीने आणून देईन म्हणाला. नाथाजींनी ते मनावर घेतलं नाही. पण त्या कॅमेऱ्याचं माप त्यांच्या तळव्यात राहिलं. रात्री जेवताना ते पाण्याचा तांब्या उचलायचे आणि बोटं भलत्याच आकारात वळायची.

मग त्यांना दुपारच्या डुलकीत स्वप्नं पडायला लागली.

एकात कृष्णेचं पाणी दुधट काचेचं झालं होतं. आयर्विन पूल त्यात उलटा टांगला होता आणि त्यावरून हळदीच्या गाड्या, चाकं आभाळाकडे करून, आवाज न करता चालल्या होत्या. घाटावर बायका धुणं धूत होत्या. प्रत्येकीच्या कमरेला शिसवाची एकेक छोटी पेटी. मधेच एखादी हात पुसायची, पेटी काढून दुसरीकडे बघायची, टिक, आणि पुन्हा धुण्याला लागायची. कुणी थांबत नव्हतं, कुणी भीत नव्हतं. नाथाजी आपला मोठा कॅमेरा शोधत होते. तो पाण्यात गुडघाभर उभा होता, म्हशीसारखा शांत, आणि त्याला कुणी हाक मारत नव्हतं.

जागे झाल्यावर त्यांनी ते शालूबाईंना सांगितलं.

“मग करा की तसला,” शालूबाई म्हणाल्या. “माज्या कनवटीला बसंल येवडा करा.”

“कनवटीला? तंबाकूची डबी हाय व्हय?”

“येवडा मोटा भाता दुमडून पेटीत घालताय. त्ये बी घालाल.”

“आन् तू काय करनार त्येचं?”

“तुमचा फोटू काडीन.” शालूबाई अगदी सहज बोलल्या. “मी खुर्चीवर बसली की तुमी कापडात शिरताय. माज्याकडं निरखून बगताना तुमचं त्वांड कसं दिसतंय, त्ये मला कवाच बगाय मिळालं न्हाई.”

बरंच आयुष्य गेलं, आणि ही गोष्ट नाथाजींच्या डोक्यात आली नव्हती. संध्याकाळी त्यांनी शिसवाचा एक तुकडा काढला आणि शालूबाईंच्या कमरेशी धरून पाहिला. त्या लाजून पळाल्या.

खंडेनवमी आली. त्या दिवशी नाथाजींकडे कॅमेऱ्यांची पूजा असायची. साताऱ्यापासून आटपाडीपर्यंतचे फोटोवाले आपापले कॅमेरे घेऊन यायचे. नाथाजी भात्याला तेल लावायचे, पितळ घासायचे, खिळखिळं झालेलं घट्ट करायचे. मग करवत, रंधा, पटाशी यांच्याबरोबर ओळीने सगळे कॅमेरे मांडून शालूबाई त्यांना हळदकुंकू वाहायच्या, भिंगाला बोट न लावता. माहेराला आलेल्या लेकींसारखी त्यांची सरबराई व्हायची. पूर्वी ओळ दारापर्यंत जायची. यंदा ती नाथाजींच्या कामाच्या घडवंचीपाशीच संपली.

गंगाधरपंत मात्र आले. सर्व्हिस मोटारीतून उतरले तेव्हा त्यांच्या एका हातात कंदी पेढ्यांचा पुडा होता आणि दुसऱ्या हातात कोऱ्या काचांचा डबा. ते बघून नाथाजींचा जीव भांड्यात पडला. काचा आणल्या म्हणजे पंत कॅमेरा नेणार.

पंतांनी कॅमेरा पाहिला. भाता उघडला, मिटला. वाकून सांधे बघितले. मग बराच वेळ त्यावर नुसता हात ठेवून उभे राहिले.

“नाथाजी, इतकं देखणं काम तुम्हीसुद्धा आजवर केलं नव्हतंत.”

“मग बांदून देतो, पंत.”

“नको.” पंतांनी कॅमेऱ्यावरचा हात काढला. “कसं सांगू तुम्हाला? घरून घ्यायच्या निश्चयानेच निघालो होतो. पण सगळ्या वाटभर विचार करत आलो. लोक आता स्टुडिओत येत नाहीत हो. लग्नात या म्हणतात, वरातीत चला म्हणतात. मुंज चालू असताना तिथल्या तिथे हवा फोटो. एवढं धूड घेऊन मी मांडवात कुठे नाचू? पुण्याला एक विलायती पाहून ठेवलाय, लहान. घेईन तर आता तोच घेईन.”

“पर फोटू मोटाच चांगला, पंत. काच मोटी तर काम मोटं. तुमीच म्हनायचा.”

“अजूनही म्हणेन. पण ऐकायला कोणी नाही.”

नाथाजींनी कापड उचललं आणि कॅमेऱ्यावर नीट पांघरलं. पंतांनी काचांचा डबा पूजेत ठेवला होता. तो उचलून नाथाजींच्या हाती दिला. “हा राहू द्या तुमच्याकडे. आणि रागावू नका.” पंत खरोखर रडवेले झाले होते, आणि शालूबाईंनी त्यांना जेवल्याशिवाय सोडलं नाही.

पंत गेल्यावर शालूबाई कॅमेऱ्याजवळ आल्या. त्यांनी कापडाची चुणी सरळ केली.

“आता ह्यो आपलाच झाला की.”

“आपला कसा?”

“कुनी न्हेला न्हाई म्हंजी आपलाच. मग पयली काच आपली.” त्यांनी खुर्चीकडे पाहिलं. “घाला की येक. काचा बी हायत. येवड्या वर्सांत मी कदी मागितलं न्हाई.”

नाथाजींच्या हातात काचांचा डबा होता. समोर कॅमेरा, दारात उजेड, खुर्ची तिथेच. काहीच अडचण नव्हती. अडचण नाथाजींच्या मनात होती. काच घालायची म्हणजे कॅमेरा कोरा राहत नाही. आणि कोरा राहिला नाही म्हणजे तो आता कुणी नेणार नाही हे आपल्या हाताने कबूल करायचं. वाईचं कुणी येईल, मिरजेचं येईल, असं त्यांचं मन अजून म्हणत होतं. ती आशा मोडायला त्यांचा हात होईना.

“दिवाळी हूं दे,” ते म्हणाले. “कुनीतरी येईल. न्हाई आलं तर मग बगू.”

“बरं,” शालूबाई म्हणाल्या.

दिवाळीला कुणी आलं नाही. पाडव्याला शालूबाई हिरवं लुगडं नेसल्या, नथ घातली, आणि कुणी न बोलवता येऊन खुर्चीवर बसल्या. या वेळी मांडीवर ताट नव्हतं. नाथाजी कापडाखाली गेले. दुधट काचेवर हिरवा रंग खालून वर चढत गेला आणि त्यात कुंकू येऊन उभं राहिलं, काठोकाठ स्वच्छ. इतकं स्वच्छ चित्र त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. ते किती वेळ बघत राहिले कोण जाणे. काचांचा डबा फळीवर होता, हात लांब केला असता तर पोचला असता.

“बसलं का?” शालूबाईंनी विचारलं.

“बसलं,” नाथाजी म्हणाले.

त्या आणखी थोडा वेळ बसल्या. मग उठून करंज्या तळायला गेल्या.

पौषात शालूबाईंना तापाचं निमित्त झालं. डॉक्टर आले, औषध झालं, आणि आठवड्याच्या आत सगळं उरकलं. दिवसकार्याला शालूबाईंची थोरली बहीण धोंडुबाई आली होती. पाट मांडला, समई लावली, आणि तिने हार हातात घेऊन सगळीकडे बघितलं.

“दाजी, शालीचा फोटू कुटं हाय?”

नाथाजी भिंतीकडे बघत बसले.

“आवं, कॅमेरेवाल्याचं घर ह्ये. आन् घरधनीनीचा फोटू न्हाई?”

तिने ते टोचून म्हटलं नव्हतं, तिला खरंच कळत नव्हतं. पण नाथाजी उठून कारखान्यात गेले आणि पाहुणे पांगेपर्यंत बाहेर आले नाहीत. हार शेवटी नारळाला घातला.

फाल्गुनात, ऊन चढायला लागलं तेव्हा, दारात पुन्हा हंबीरराव दिसला. गळ्यात कॅमेरा होता, नाथाजींनी शिवलेल्या घरात.

“तात्या, रीळ संपलं येकदाचं. म्हाबळेश्वरला जाऊन धुक्याचं फोटू काडलं तवा संपलं. पुन्यास्नं धुऊन आनलं.” तो आत आला. “काकू कुटं हायती? त्येंचा फोटू लय झ्याक आलाय.”

नाथाजी घडवंचीपाशी बसले होते. त्यांनी मान हलवली, एवढंच. हंबीररावाने रिकामी खुर्ची पाहिली, कोपऱ्यातला कोनाडा पाहिला, पणती पाहिली. लढाई बघून आलेला गडी; त्याला सांगावं लागलं नाही. तो टोपी काढून खालीच बसला.

घडवंचीवर एक शिसवाची पेटी होती, तळव्याएवढी, अजून झाकण नसलेली. आत दुमडलेला भाता लहान मुलाच्या मुठीएवढा. लाकडाचे सांधे दिसत नव्हते.

“केलासा की,” हंबीरराव हळूच म्हणाला.

“चाललंया. लाकूड ऐकतंय हळूहळू.” नाथाजींनी पेटी बाजूला केली. “भिंग मिळंल तवा मिळंल. पर पयली काच मी घालनार. आता कोरा कुनाला देनार न्हाई मी. घेनाऱ्यानं घ्यावा, न्हाईतर सोडावा.”

मग त्यांनी हात पुढे केला. हंबीररावाने खिशातून पाकीट काढलं आणि फोटो त्यांच्या तळव्यावर ठेवला.

छोटासाच फोटो. एका कडेला अर्धा सागवानी कॅमेरा, त्याच्यामागे काळ्या कापडाचा एक ढीग, त्यातून बाहेर आलेले दोन पाय. आणि मधे खुर्चीवर एक बाई. मांडीवर ताट, मान दाराकडे वळलेली, तोंड उघडं टाकून हसणारी. हसताना तिचं डोकं हललं होतं आणि कपाळावरचं कुंकू पुसट झालं होतं.

नाथाजींनी फोटो जवळ नेला, लांब धरला. कारागिराची नजर सवयीने आधी कुंकवाच्या कडेकडे गेली. कड नव्हतीच. मग ते त्या हसणाऱ्या तोंडाकडे बघत राहिले. कितीतरी वर्षं त्यांनी तिला हसू नको म्हणून सांगितलं होतं, आणि ती हसली की कापडाखाली डोळे मिटून घेतले होते. हे तोंड त्यांना ओळखीचं वाटेना. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, आणि हंबीररावाला वाटलं, आता म्हातारा मोडणार.

तेवढ्यात नाथाजींनी फोटो फिरवून उलटा धरला. डोकं खाली, पाय वर.

“ही बग,” ते म्हणाले. त्यांचा सगळा चेहरा उजळला होता. “ही शाली.”

हंबीररावाला वाटलं, म्हाताऱ्याने चुकून उलटा धरला. सरळ करून द्यावा म्हणून त्याने हात पुढे केला. मग तिकाटण्यावर काळं कापड पांघरून उभ्या असलेल्या कॅमेऱ्याकडे त्याची नजर गेली, आणि त्याने हात मागे घेतला.